एकदिशकारकांची अनेकसरी जोडणी

प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) विद्युत् प्रवाहाचे एकाच दिशेच्या प्रवाहात रूपांतर करणाऱ्या साधनास एकदिशकारक म्हणतात. एका साधनाला न पेलणारा भार वाटून घेण्यासाठी अनेक साधने अनेकसरीत (समांतर) जोडतात. जोडणी सोपी असली, तरी वाटणी आपोआप होत नाही. भार वाढताच ज्याचा विद्युत् दाब थोडा उतरतो, असे साधन वाटणीस अनुकूल असते. जुन्या शंट जनित्रांत हा गुण मुळातच होता. त्यांची जागा घेणाऱ्या एकदिशकारकांत तो बाहेरून आणावा लागला.

अमेरिकन संशोधक पीटर कूपर ह्यूइट (१८६१–१९२१) यांनी १९०२ मध्ये पारा-प्रज्योत एकदिशकारक पुढे आणला. त्यातील प्रज्योतीत सु. २० व्होल्ट दाब खर्च होतो आणि प्रवाह वाढला तरी तो फारसा वाढत नाही. शिवाय प्रज्योत पेटण्यास लागणारा दाब ती टिकण्यास लागणाऱ्या दाबापेक्षा जास्त असतो. त्यामुळे दोन धनाग्रे थेट जोडल्यास एक आधी पेटते, दाब उतरतो आणि दुसरे पेटतच नाही. सर्व भार पहिल्यावर पडतो. यावर उपाय म्हणून दोन्ही धनाग्रांच्या वाटेत एकाच लोखंडी गाभ्यावर विरुद्ध दिशांनी गुंडाळलेली वेटोळी घालण्यात आली. एका वेटोळ्यात प्रवाह वाढू लागला, की दुसऱ्यात प्रवर्तित झालेला दाब मागे राहिलेल्या धनाग्रास पेटवतो. याच तत्त्वावरील आंतरकला रोहित्रामुळे तीन कलांचे दोन गट एकाच वेळी काम करू लागले आणि प्रत्येक धनाग्र आवर्तनाच्या एक-षष्ठांशाऐवजी एक-तृतीयांश काळ प्रवाह वाहू लागले.

१९५० नंतरच्या दशकात सिलिकॉन डायोड आले. त्यांतील दाबघट जेमतेम १ व्होल्टच्या आसपास असल्याने ऊर्जेची बचत झाली, पण वाटणीचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. साधारण प्रवाहमर्यादेत डायोड तापला की त्याची दाबघट दर अंश सेल्सिअसला सु. २ मिलिव्होल्टने कमी होते. म्हणजे अधिक तापलेला डायोड अधिकच प्रवाह ओढतो. तो निकामी झाला, की त्याचा भार उरलेल्यांवर येतो. म्हणून सारख्या दाबघटीचे डायोड निवडणे, ते एकाच शीतकावर बसविणे आणि प्रत्येकास स्वतंत्र वितळतार देणे ही पद्धत रूढ झाली. मोठ्या प्रवाहात ताम्रपट्ट्यांची मांडणीही दुर्लक्षून चालत नाही, कारण शेजारच्या पट्ट्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे एकसारख्या डायोडांतही विषम वाटणी होते.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर १९२५ पासून १,५०० व्होल्ट एकदिश दाब वापरात होता. तेथे एकाच तारेला अनेक उपकेंद्रे जोडलेली असल्याने गाडीचा भार लगतच्या केंद्रांत वाटला जाई. तारेचा रोधच ही वाटणी साधत असे. २०१२ ते २०१६ या काळात तेथे २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती पद्धत पूर्णपणे आली.

ॲल्युमिनियमच्या कारखान्यात अशी सोय नसते. तेथे प्रत्येकी ४ ते ५ व्होल्ट दाबाचे शेकडो घट एकसरीत असून त्यांतून काही लक्ष अँपिअर प्रवाह अखंड वाहावा लागतो. तो अनेक एकदिशकारक संच मिळून पुरवितात व प्रत्येकाचा वाटा नियंत्रक यंत्रणा राखते. बहुधा एक संच गरजेपेक्षा जास्त ठेवतात, कारण काही तास प्रवाह थांबल्यास घटांतील वितळलेले द्रव्य गोठू लागते.