संगणकाची व्यावसायिक पात्रता आणि विद्यापीठाचे द्वार

संगणकाचे शिक्षण विद्यापीठांच्या आधी बाजारात पोहोचले, हे आपल्याकडील एक वैशिष्ट्य. ऐंशीच्या दशकात अभियांत्रिकी महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या जागा मोजक्याच होत्या, मागणी मात्र झपाट्याने वाढत होती. ही पोकळी खासगी वर्गांनी भरून काढली. मुंबई-पुण्यातच नव्हे, तर जिल्ह्याच्या गावीही संगणक वर्गांच्या पाट्या झळकू लागल्या. या वर्गांच्या पदविकांना ना समान अभ्यासक्रम होता, ना समान परीक्षा. या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी १९९० मध्ये संयुक्तपणे एक योजना आखली. तीच पुढे 'डोएक' या नावाने ओळखली गेली. २०११ मध्ये या संस्थेचे नामांतर राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच 'नायलिट' असे झाले.

या योजनेत चार स्तर कल्पिले होते. 'ओ' हा पायाभूत अभ्यासक्रम, 'ए' प्रगत पदविकेच्या, 'बी' एमसीएच्या, तर 'सी' एम.टेक.च्या तोडीचा. बारावी झालेल्या विद्यार्थ्याला 'ओ' स्तराला बसता येते. मान्यताप्राप्त वर्गात नाव घालावे किंवा घरी अभ्यास करून थेट परीक्षा द्यावी, अशी मुभा असते. परीक्षा मात्र सर्वांना सारखीच. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना ही सोय मोलाची वाटली यात नवल नाही.

घोटाळा होतो तो 'समकक्ष' या शब्दावरून. १९९५ च्या केंद्रीय अधिसूचनेने या स्तरांना मान्यता दिली, ती केंद्र सरकारी नोकरीच्या प्रयोजनासाठी. म्हणूनच सरकारी जाहिरातींत 'एमसीए किंवा बी स्तर' असा उल्लेख आढळतो. नोकरीपुरती समकक्षता आणि प्रवेशापुरती समकक्षता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सरकार ठरवते, दुसरी ज्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचा ते विद्यापीठ. जाहिरातीत आपले नाव बसते म्हणून प्रवेश अर्जातही बसेल, असे गृहीत धरणाऱ्या विद्यार्थ्याचे एखादे वर्ष सहज वाया जाते.

याचे मूळ कायद्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. इतर संस्था प्रमाणपत्र देऊ शकतात, पदवी नव्हे. महाराष्ट्रात एमसीएचा प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे होतो आणि त्यासाठी पदवी ही मूलभूत अट आहे. केवळ बारावी आणि 'ए' स्तर एवढ्यावर तेथे निभाव लागत नाही. अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेशही मान्यताप्राप्त तंत्रनिकेतनाच्या पदविकेवर मिळतो, संगणकाच्या अल्पमुदतीच्या पदविकेवर नाही. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेली एमएस-सीआयटी राज्य शासनाच्या अनेक पदांना लागते, पण पदवीच्या वाटेवरची ती पायरी नव्हे.

मग या पात्रतेचा उपयोग काय? ज्याच्याकडे कला वा वाणिज्य शाखेची पदवी आहे, त्याला तो सर्वाधिक. पदवीमुळे प्रवेशाची अट भागते आणि 'ओ' वा 'ए' स्तराच्या अभ्यासामुळे एमसीएचे पहिले सत्र जड जात नाही. गणिताविषयीच्या अटी वर्षागणिक बदलत आल्या आहेत, तेव्हा त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी. काही विद्यापीठांनी वेळोवेळी 'ए' वा 'बी' स्तर उच्च शिक्षणासाठी ग्राह्य धरला आहे. तथापि तो त्या विद्यापीठाचा स्वतंत्र निर्णय असतो, शेजारच्या विद्यापीठाला तो बंधनकारक नसतो.

व्यावसायिक संस्थांच्या सभासदत्व परीक्षांचा इतिहास याहून बोलका आहे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची 'एएमआयई' आणि १९५३ मध्ये स्थापन झालेल्या 'आयईटीई'ची 'एएमआयईटीई' या परीक्षा अनेक दशके अभियांत्रिकी पदवीशी समकक्ष मानल्या जात. दुसऱ्या परीक्षेत तर संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान या शाखाही होत्या. कारखान्यात, दूरध्वनी खात्यात वा लष्करात काम करणाऱ्या कितीतरी पदविकाधारकांनी 'ए' आणि 'बी' विभागांचे पेपर एकेक करून सोडवले आणि पुढे 'गेट' देऊन एम.टेक.ला प्रवेश मिळवला. महाविद्यालयाची पायरी न चढता पदव्युत्तर शिक्षणापर्यंत नेणारी ही देशातील बहुधा सर्वांत भक्कम वाट होती.

ती अरुंद झाली ती एका तारखेमुळे. ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांनाच समकक्षतेचा लाभ राहील, असे केंद्राने ठरवले. यांत्रिकी अभियंत्यांच्या अशाच एका संस्थेविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये, अशी प्रमाणपत्रे पदवीशी समकक्ष मानता येत नाहीत, असा निर्वाळा दिला. मात्र त्या तारखेपूर्वी नोंदणी झालेल्यांचे हित राखले. परिणाम असा, की एकाच परीक्षेत, एकाच श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या दोघांपैकी एक 'गेट'ला पात्र, तर दुसरा अपात्र ठरू शकतो. फरक गुणवत्तेचा नसून नोंदणीच्या पावतीवरील तारखेचा. जुन्या सभासदांनी ती पावती जपून ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकची पदव्युत्तर पदविका हे आणखी निराळे उदाहरण. सुमारे सहा महिन्यांच्या या पूर्णवेळ अभ्यासक्रमाची नोकरीच्या बाजारात मोठी पत आहे. परंतु नावात 'पदव्युत्तर' असले तरी ती पदव्युत्तर पदवी नव्हे, पीएच.डी.चा विचार असणाऱ्याने हा भेद ध्यानी घ्यावा. सिस्को, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्यांच्या प्रमाणपत्रांना तर मुदतच असते. सिस्कोचे प्रमाणपत्र तीन वर्षांनी नूतनीकरणास येते. तरीही परदेशात काही ठिकाणी त्यांना शैक्षणिक मूल्य मिळते. अमेरिकेत 'अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन' ही संस्था काही तांत्रिक प्रमाणपत्रांसाठी महाविद्यालयीन श्रेयांकांची शिफारस करते. स्वीकारायचे की नाही हे महाविद्यालय ठरवते.

आपल्याकडेही विचार त्या दिशेने वळला आहे. २०२१ मध्ये श्रेयांकांची पेढी आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. तीस तासांच्या अध्ययनास एक आणि वर्षाला चाळीस श्रेयांक, असे त्याचे माप असून व्यावसायिक प्रशिक्षणही त्यात मोजता येते. कागदावर हे गणित सरळ दिसते, पण पेढीत जमा झालेला श्रेयांक कोणत्या पदवीसाठी वटवायचा हे अखेर विद्यापीठाच्याच हाती आहे. २०२४ मध्ये नायलिटलाच अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याचे मुख्य केंद्र पंजाबातील रोपड येथे असून घटक केंद्रांत छत्रपती संभाजीनगरचा समावेश आहे. संस्था आता स्वतः पदवी देऊ शकत असली, तरी पूर्वीच्या स्तरांची प्रमाणपत्रे त्यामुळे आपोआप पदव्या ठरत नाहीत.

प्रवेशेच्छूने शुल्क भरण्यापूर्वी संबंधित विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे आपल्या प्रमाणपत्राचे नाव, स्तर आणि नोंदणीचे वर्ष नमूद करून लेखी विचारणा करावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे. वर्गचालकाने दाखवलेली अधिसूचना नोकरीसंबंधी आहे की प्रवेशासंबंधी, हे तिच्या पहिल्या परिच्छेदातच बहुधा लिहिलेले असते.