धनुर्वाताचा शोध
श्रोतेहो, रोग्याचे अंग धनुष्यासारखे वाकते, म्हणून आपल्या वैद्यांनी याला धनुर्वात म्हटले. पण कारण काय? १८८९ साली बर्लिनमध्ये कितासातो या जपानी संशोधकाने याचे जंतू प्रथम निर्भेळ वाढवले. प्राणवायू त्यांना सोसत नाही. म्हणून ते मातीत, शेणात बीजरूपाने टिकतात आणि खोल जखमेत फोफावतात. त्यांचे विष कधी जखमेभोवतीच्या स्नायूंपुरते राहते, कधी डोक्याच्या मज्जातंतूंपुरते. बहुधा मात्र दातखीळ बसून ते सर्वांगात भिनते. चौथा प्रकार तान्ह्या बाळाचा. मळक्या पात्याने नाळ कापली, की तो ओढवतो. स्वच्छ बाळंतपण नि आईला लस, यांमुळे २०१५ साली भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे दर जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रोगी; नायनाट नव्हे हो! माती तीच आहे. लस चुकवू नका.