लोहाराची आगटी



रत्नागिरीच्या बाजूला एखाद्या वाडीत सकाळच्या वेळी उभे राहा. माडावर चढायला निघालेल्या पाडेल्याच्या कमरेला, मागच्या बाजूस, एक आकडी असते आणि तीत कोयता अडकवलेला असतो. पन्नास-साठ फूट उंचीवर एका हाताने आधार धरायचा आणि दुसऱ्या हाताने नारळाची पेंड तोडायची. तिथे कोयता पहिल्या घावातच उतरला पाहिजे. धार वळली, तर घावांवर घाव घालताना तोल जातो. पाते फार कडक होऊन तुटले, तर तुकडा खाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येतो. म्हणजे पात्याच्या काठची बोटभर रुंदीची पट्टी चांगली की वाईट, यावर दोन माणसांचे जीव अवलंबून. ही पट्टी चांगली की वाईट, हे ठरते लोहाराच्या आगटीत. या आगटीविषयी आज बोलावयाचे आहे.

आपल्या इतिहासात तलवारींची वर्णने पुष्कळ. पण मराठ्यांच्या अनेक तलवारींची पाती युरोपात घडलेली, बंदरातून उतरलेली. मूठ तेवढी इथली. म्हणून तर त्यांना फिरंग म्हणत. कोयता मात्र गावच्या लोहारानेच घडवला, आणि त्याच्यावर कोणी पोवाडा रचला नाही. शाळेत आपण मुलांकडून बारा बलुतेदारांची नावे पाठ करून घेतो. लोहाराचे नाव येते आणि जाते. त्याची आगटी कशी बांधलेली असते, हे कोणी विचारीत नाही. मी स्वतः इतिहास शिकवतो, पण मीही पुष्कळ वर्षे विचारले नव्हते.

वास्तविक आगटीत असते काय? ओंजळ-दोन ओंजळी लाकडी कोळसा, मातीची एक नळी आणि वारा. यातला वारा सर्वांत महत्त्वाचा. नुसता पेटलेला कोळसा लालसर धुमसत राहतो. त्यात नळीतून वारा सोडला की हजार-बाराशे अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता चढते. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात कर्मार, म्हणजे धातुकाम करणारा कारागीर, येतो. त्याच्याजवळ वाळलेल्या काटक्या आहेत आणि पक्ष्यांची पिसे आहेत. ही पिसे वारा घालण्यासाठी, असा अर्थ अभ्यासक लावतात. नागपूर जिल्ह्यात नाईकुंड येथे १९८० च्या सुमारास झालेल्या उत्खननात खनिजातून लोखंड गाळण्याची एक भट्टी सापडली. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. मातीच्या विटांची, आणि सोबत वारा घालण्याच्या मातीच्या नळ्या. गाळण्याची भट्टी वेगळी आणि घडवण्याची आगटी वेगळी, हे खरे; पण नळी दोन्हीकडे आहे. पुढे पिसांच्या जागी कातड्याचा भाता आला. बकऱ्याच्या कातड्याच्या दोन पिशव्या आळीपाळीने दाबायच्या, म्हणजे वाऱ्याची धार तुटत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती मुंबईहून सुरू होते. दक्षिणेत, विशेषतः आजच्या तेलंगणात, मुशीत पोलाद तयार करीत असत. मुशीच्या मातीत भाताचे तूस मिसळलेले असे. कानडीतल्या उक्कु या शब्दावरून इंग्रजांनी त्या पोलादाला वुट्झ म्हटले, असे मानतात. मुंबईत असलेल्या डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांचा त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. पुढे मायकेल फॅरडे यांनी जेम्स स्टोडार्ट या चाकू-शस्त्रे घडवणाऱ्या कारागिराबरोबर त्यावर प्रयोग केले. १८२० आणि १८२२ मध्ये त्यांचे लेख आले. फॅरडे यांचे वडील लोहार होते, बरं का! तिकडच्या लोहारांना मात्र हे पोलाद सहजासहजी वश झाले नाही. ते आपल्या सवयीप्रमाणे लोखंड पांढरट होईतो तापवीत, आणि हातोडा पडला की त्याचा चुरा होई. त्यात कर्ब अधिक, म्हणून त्याला मंद लाल उष्णतेतच ठोकावे लागते. पोलाद जहाजाने विलायतेला गेले, पण त्याला मानवणारी आग काही जहाजात बसून गेली नाही.

आमच्या सह्याद्रीतही लोखंड गाळणारे होते. महाबळेश्वराच्या परिसरात धावड लोक जांभ्याच्या थरातले खनिज कोळशावर गाळीत. एकोणिसाव्या शतकात जंगलावर सरकारी निर्बंध आले, कोळसा मिळेना, आणि बंदरात विलायती लोखंड स्वस्त उतरू लागले. धावडांचा धंदा बुडाला. कोळशासाठी झाडे तुटत होती हेही नाकारता येत नाही. लोहाराची आगटी मात्र तगली, कारण तिला कोळसा थोडा लागतो आणि लोखंड कुठलेही चालते.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी घरामागे अशी आगटी बांधायला घेतली. जांभ्याचे चिरे मांडले, मध्ये लोखंडी नळी घातली, हाताने फिरवायचा पंखा जोडला, आणि कोळसा पेटवून जोराने वारा सोडला. थोड्याच वेळात मोठा आवाज होऊन एका चिऱ्याचा टवका उडाला आणि माझ्या कानाजवळून गेला. शेजारच्या वाडीतले एक वयस्क लोहार बघायला आले. म्हणाले, "सर, पावसाळाभर पाणी प्यालेला दगड आहे तो. त्याला आधी वाळू तर द्या!" मग त्यांनी वारुळाची माती आणली, तीत भाताचे तूस मळले, वाळलेल्या चिऱ्यांना आतून चार बोटे जाड लेप दिला. आठ दिवस सावलीत वाळवला. त्यानंतरही दोन दिवस नुसता काटक्यांचा बारीक जाळ. तूस जळून गेले की मातीत बारीक पोकळ्या राहतात. लेप तडकत नाही आणि उष्णता आत धरून ठेवतो. मुशीतही तूस होते, ते मला तेव्हा आठवले.

त्यानंतर वारा. मी पंखा गरगर फिरवला तर पात्याच्या टोकातून फुलबाज्या उडू लागल्या, म्हणजे लोखंडच जळू लागले. म्हातारबाबांनी माझ्या हातावर हात ठेवून गती निम्म्यावर आणली. पाते नळीच्या तोंडासमोर ठेवायचे नाही. तिथे वारा ताजा असतो, लोखंडावर पापुद्रे धरतात. नळीच्या तोंडापासून चार बोटे वर, कोळशाच्या पोटात ठेवायचे. तिथे वाऱ्यातला प्राणवायू कोळशाने खाऊन टाकलेला असतो.

पाणी देण्याची वेळ रंगावरून ओळखायची, म्हणून लोहार सावलीत बसतो. शिक्षकांसाठी सांगतो: ७७० अंशांच्या आसपास लोखंडाला चुंबक लागेनासे होते, त्याहून किंचित वर गेले की पाते पाण्यात घालावे. माझा पहिला विळा असाच पाण्यात घातला, तो हातातून ओट्यावर पडला आणि काचेसारखा दोन तुकडे झाला. पुढची पायरी मी गाळली होती. पाणी दिलेले पाते घासून चकचकीत करायचे आणि पुन्हा हलके शेकायचे. पेंढ्याचा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा, असे रंग पात्यावर सरकत जातात. हा सारा खेळ साधारण २२० ते ३०० अंशांतला. कोयत्याला पिवळा जाऊन तांबूस रंग चढू लागला की थांबायचे, असे बाबा म्हणाले. विळ्याचेही तेच, पण मी सांगण्याआधीच तो मोडून बसलो होतो! शिवाय पाण्यात फक्त धार बुडवायची. पाठ मऊ राहिली म्हणजे घाव सोसते.

आता कोयते बहुधा ट्रकच्या जुन्या कमानीच्या पट्टीतून निघतात. त्या पोलादात शेकडा ०.६ च्या आसपास कर्ब असतो, कोयत्याला तो चांगला. बाबांचा मुलगा मुंबईला नोकरीला आहे. त्यांचा कातडी भाता फाटून पडवीच्या आढ्याला टांगलेला आहे, आणि आगटीला विजेचा पंखा आला आहे. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गाला असा लोहार जवळपास असेल तोवर दाखवून आणावे, आणि मुलांना रंग ओळखायला लावावे.

विजेच्या पंख्याला बाबा नावे ठेवतात. त्याला एकच जोर ठाऊक, म्हणतात. म्हणून नळीवर त्यांनी पत्र्याची झडप बसवली आहे. झडपेला दोरी बांधून ती ते बसल्या जागेवरून ओढतात, सोडतात, ओढतात, जुन्या भात्याची दांडी ओढावी तशी.