सोंगाड्या उभा राहिला तेव्हा

मध्य प्रदेशात विधानसभेची निवडणूक गेली कैक वर्षं नोव्हेंबरात, दिवाळीच्या मागंपुढं येते, आणि आमच्या बालाघाट जिल्ह्यात तोच मंडईचा हंगाम असतो. भाऊबीज झाली की एकेका गावाची मंडई लागते. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, लग्नाच्या गोष्टी निघतात, गोवारी ढाल घेऊन नाचतात. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. त्यातच प्रचाराच्या जीपगाड्या घुसतात. २०२३ साली तर भाऊबीज १५ नोव्हेंबरला आणि मतदान १७ ला. एकीकडं उमेदवाराचा भोंगा, दुसरीकडं ढोलकी. गर्दी कुठं होती ते सांगायला नको.

आमचे आजोबा वारासिवनीकडचे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि आम्ही भोपाळच्या वाट्याला आलो. शाळा हिंदीत, कचेरी हिंदीत. मंडई मात्र कोणी वाटून घेतली नाही. तिकडचे शाहीर इकडं येत राहिले, इकडचे तिकडं जात राहिले. आजोबांना राज्य कोणाचं आलं-गेलं यापेक्षा कोणत्या साली कोणती पार्टी आली होती ते जास्त पक्कं आठवायचं. पुढं १९७७ साली बालाघाटनं रिपब्लिकन पक्षाच्या कचरूलाल जैन यांना लोकसभेत धाडलं, १९८९ साली कंकर मुंजारे यांना अपक्ष म्हणून. आमचा मतदार चाकोरीतला नाही, एवढंच यावरून ध्यानात घ्यायचं.

आजोबांच्या गोष्टींत सोंगाड्या हमखास असायचा. खडी गंमत म्हणजे गाणारे उभे, वाजवणारेही उभे. ढोलकी, डफ, तुणतुणं, चोनका, टाळ. लुगडं नेसलेला नाच्या मधोमध. लोक पेंगू लागले की मागून सोंगाड्या शिरायचा. एक धोतर अर्धं सुटलेलं, डोक्याला भलतंच मुंडासं. पुढच्या खाटेवर मालगुजार बसलेला असायचा. जुन्या मध्य प्रांतात गाव त्याचं, पट्टी त्याची, बिगार त्याची. सोंगाड्या नेमका त्याच्यासारखा खाकरायचा, त्याच्यासारखं पान लावायचा, आणि नाच्याला म्हणायचा, “उद्या बांधीत ये, नाहीतर तुझी ढोलकी जप्त.” सगळी मंडई फिस्सकन हसायची. मालगुजारालाही हसावंच लागायचं, वर बक्षीसही द्यावं लागायचं. हसला नाही तर वर्षभर गाव हसणार.

पण आजोबा गोष्ट तिथं संपवायचे नाहीत. सकाळी तोच सोंगाड्या चपला हातात घेऊन त्याच मालगुजाराच्या दारी धान मागायला उभा राहायचा. रात्री ज्याची खोड काढली, सकाळी त्याच्याच पायलीनं मापून घ्यायचं. १९५१ साली मालगुजारी कायद्यानं गेली. खाटेच्या जागी खुर्ची आली, तिच्यावर कधी बीडीओ, कधी आमदार बसू लागला. नक्कल होतच राहिली.

मग असा माणूस स्वतःच खुर्चीला उभा राहिला तर? गडचिरोलीचे परशुराम खुणे यांनी झाडीपट्टीच्या रंगभूमीवर पाच हजारांवर प्रयोग केले, आठशेवर भूमिका वठवल्या. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडंही पेढे वाटले गेले. पण पद्मश्री दिल्ली देते, मत गाव देतं, आणि गाव कलावंताला मत कधी देतं, कधी देत नाही, याचा हिशेब मला घरातल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या पद्धतीनं शिकवला.

मामा हिंदी शाळेत मास्तर. कविसंमेलनाचं वेड एवढं की रात्रभर ऐकून सकाळी तसेच शाळेत. त्यांचे लाडके बालकवी बैरागी. मूळ नाव नंदरामदास. माळव्यातल्या मनासा भागातलं अत्यंत गरीब घर, वडील अपंग, आई दारोदार मागून आणायची, पोरगाही सोबत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. कैलासनाथ काटजू मंदसौरहून उभे होते. मनासाच्या सभेत या पोरानं गाणं म्हटलं, काटजू खूश झाले आणि त्यांनी ‘बालकवी’ हे नाव दिलं ते कायमचं चिकटलं. म्हणजे हा माणूस राजकारणात शिरला तोच दुसऱ्याच्या सभेत गर्दी धरून ठेवणारा गवई म्हणून. १९६७ साली तो स्वतः मनासाहून आमदार झाला. पुढं मंत्री झाला, १९८४ साली मंदसौरहून लोकसभेत गेला, नंतर राज्यसभेत. मधे ‘रेश्मा और शेरा’ साठी गाणंही लिहून आला. आत्मकथनाचं नाव ‘मंगते से मिनिस्टर’.

मामा म्हणायचे, “अरे, मंत्री मंचावरून स्वतःच सांगतो की मी भीक मागत होतो. मग विरोधकानं काय सांगायचं?” मला यात हुशारी दिसायची, मामांना सचोटी दिसायची. आता वाटतं, दोन्ही असणार. कविसंमेलनाच्या मंचावर ज्यानं हजार रात्री काढल्या त्याला सभा कुठं सांडते ते कळणारच.

दुसरी गोष्ट आजीची, आणि ती तिनं जरा आवाज खाली आणून सांगितलेली. घरात मुलगा झाला की टाळ्या वाजवत ‘त्या’ यायच्या. आजी सुपात तांदूळ, गूळ, वर लुगडं आणि पैसे ठेवायची. त्या पोराला घेऊन नाचायच्या, आजोबांची टिंगल करायच्या, आणि जाताना सगळ्या घराला आशीर्वाद द्यायच्या. रिकाम्या हातानं परतवायची कोणाची छाती नव्हती. भीती होतीच, पण आजीच्या मते फक्त भीती नव्हती. “सुखाच्या दिवशी त्या पाय घालतात,” ती म्हणायची. “तुमचा आमदार कवा आला होता बारशाला?”

म्हणून सोहागपूरची बातमी आली तेव्हा घरात एकट्या आजीला नवल वाटलं नाही. हे सोहागपूर शहडोलकडचं, नर्मदेकडचं नव्हे. १९९८ ते २००३ च्या विधानसभेत तिथून शबनम मौसी अपक्ष म्हणून निवडून गेल्या. देशातल्या पहिल्या तृतीयपंथी आमदार. वर्तमानपत्रांनी आधी चेष्टा केली, मग कौतुक केलं, आणि २००५ साली त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात आशुतोष राणानं त्यांचं काम केलं. त्याच सुमारास कटनीला कमला जान महापौर झाल्या. त्यांची निवड मात्र पुढं रद्द ठरली: जागा महिलांसाठी राखीव होती, आणि कोर्टाच्या लेखी त्या महिला नव्हत्या. लोकांनी दिलेलं एका कलमानं गेलं. आजीनं त्यावर केलेलं विधान छापण्याजोगं नाही.

आता देवांचं बघा. १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी टीव्हीवर ‘महाभारत’ लागलं की बालाघाटच्या गल्ल्या ओस पडायच्या. ज्याच्याकडं टीव्ही त्याच्या ओसरीत अख्खी आळी. नितीश भारद्वाज, आपले मराठी, पेशानं पशुवैद्य, आणि पडद्यावर साक्षात श्रीकृष्ण. टीव्हीला ओवाळणारी बाई मी स्वतः पाहिली आहे. निरांजन इतकं जवळ नेलं की काचेवर काजळी धरली. १९९६ साली हा कृष्ण जमशेदपूरहून लोकसभेवर गेला. १९९९ साली मध्य प्रदेशात राजगढहून उभा राहिला आणि लक्ष्मण सिंहांकडून हरला. नावातला लक्ष्मण कृष्णाला भारी पडला यावर मामांनी आठवडाभर विनोद केले. २०२३ ला बुधनीत शिवराजसिंह चौहानांविरुद्ध काँग्रेसनं विक्रम मस्ताल उभे केले. २००८ च्या ‘रामायण’ मालिकेतले हनुमान. लाखावर मतांनी पडले. तिथं खरा देव उतरला असता तरी अवघडच होतं, हा भाग वेगळा.

महाराष्ट्रातही पडद्याचं मतात रूपांतर तितकं सरळ झालेलं नाही. आदेश बांदेकर ‘होम मिनिस्टर’ म्हणून घराघरांत जाऊन पैठण्या वाटत होते, आणि २००९ साली माहीममध्ये मनसेच्या नितीन सरदेसाईंकडून हरले. डॉ. अमोल कोल्हे पडद्यावर छत्रपती झाले आणि २०१९ ला शिरूर जिंकलं, हेही आहेच. पुलंनी १९७७ च्या प्रचारात सभा गाजवल्या, उमेदवारी अर्ज मात्र भरला नाही. दादा कोंडके शिवसेनेच्या सभांतून लोकांना लोळवायचे. आमच्याकडची मंडळी दादांचे सिनेमे बघायला गोंदियाला जायची, छोट्या रेल्वेनं, आणि परतताना डब्यात संवाद म्हणत यायची. त्यातल्या कोणालाही दादा आमदार व्हावेत असं वाटल्याचं मी ऐकलं नाही. दादा बोलावेत एवढंच वाटायचं.

म्हाताऱ्यांच्या हिशेबाचा माझा अर्थ असा: आपल्याकडं लोक पडद्यावरच्याला बघायला गर्दी करतात, पण मत देताना दारी आलेला आठवतात. बैरागी दारी आले होते, भिकेचं भांडं घेऊन. मौसी दारी आल्या होत्या, टाळी वाजवत. एन. टी. रामाराव तर पडद्यावरचे कृष्णच. पण १९८२ साली पक्ष काढल्यावर ते रथ म्हणून सजवलेल्या गाडीत गावोगाव फिरले, रस्त्याकडेला झोपले, आणि १९८३ ला मुख्यमंत्री झाले. पंजाबचे भगवंत मान विनोदी कॅसेटींतून माहीत होते, पण २०१४ ला संगरूरमधून निवडून येण्याआधी त्यांनी गावं तुडवली होती. युक्रेनमध्ये मालिकेत राष्ट्राध्यक्षाचं काम केलेला नट २०१९ साली खरोखर राष्ट्राध्यक्ष झाला, तिथं माझा हा हिशेब चालत नाही. तिथं मंडई नसावी.

आता आमच्या भागातल्या सोंगाड्याची गोष्ट. नाव सांगत नाही, घरचे अजून आहेत. पंचायतीचा नवा कायदा आल्यावर मध्य प्रदेशात १९९४ साली सगळ्यांच्या आधी निवडणुका झाल्या. गावातल्या पोरांनी गमतीगमतीत त्याचा फॉर्म भरला. तरुणपणी नाच्या, उतारवयात सोंगाड्या. हयात लोकांच्या दारांत गेलेली. प्रचार कसला, रोज संध्याकाळी एका टोलीवर जायचं आणि समोरच्या उमेदवाराची नक्कल करायची. तो बिचारा कोंडीत सापडला. रागावला तर नक्कल खरी ठरायची, हसला तर मत जायचं. सोंगाड्या निवडून आला.

पुढच्या मंडईत गावानं त्याला पुढची खुर्ची दिली. पहिल्यांदाच तो रिंगणाबाहेर. मध्यरात्री नवा पोरगा सोंग घेऊन शिरला, अंगात सरपंचाच्या जाकिटासारखं जाकीट. कमरेला दोरी, दोरीला बादली. “हापशी मंजूर झाली जी! कुठं गाडू?” दुसरा म्हणाला, “पाटलाच्या आळीत पानी नाही.” “असू दे. माझी म्हातारी दूर जात नाही.” लोक गडबडा लोळले, कारण हापशी खरंच सरपंचाच्या दारापासून हाकेच्या अंतरावर लागली होती. आजोबा शेजारीच बसले होते. ते सांगायचे, सरपंच हसला, पण हसताना एकदा मागं वळून बघितलं, कोण कोण हसतंय ते. “मालगुजार असाच बघायचा,” आजोबा म्हणाले. मग त्यानं अकरा रुपये बक्षीस दिलं आणि पोराला जवळ बोलावून कानात सांगितलं, “बादली उजव्या हातात धर. डाव्या हातानं हशा निम्मा जातो.”

पुढच्या खेपेला जागा महिलांसाठी राखीव झाली. टवाळ पोरं परत त्याच्याकडं गेली: “बाबा, तुम्ही तर अर्धा जन्म लुगडंच नेसलात, भरा फॉर्म.” त्यानं शिव्या घातल्या आणि बायकोला उभं केलं. तो ढोलकी घेऊन टोली-टोली फिरला, विरोधकांच्या नकला केल्या, आणि ती माउली पदर डोक्यावर घेऊन बाजूला बसून राहिली. एका सभेत एक अक्षर बोलली नाही. नवऱ्यापेक्षा जास्त मतांनी निवडून आली, आणि दुसरी हापशी पाटलाच्या आळीत लागली.