कंत्राटदाराचे दायित्व : रस्तेकामालगतचे अपघात (संदर्भ : इतवारी, नागपूर)

रस्ता, पूल, गटार किंवा जलवाहिनीचे काम चालू असताना त्या जागी वा लगत झालेल्या अपघाताबद्दल काम घेणाऱ्या कंत्राटदारावर येणारी भरपाईची आणि फौजदारी जबाबदारी. उघडा चर, पसरलेली गिट्टी, सिमेंट रस्त्याची मुरूम न भरलेली उंच कड, दिव्याविना उभा असलेला रोलर, रस्त्यात पुढे आलेले पत्रे ही अशा अपघातांची नेहमीची कारणे होत.

इतवारी ही नागपूरची जुनी घाऊक पेठ. किराणा, सराफा, लोखंड यांच्या ओळींमध्ये हातठेले, मालाचे ऑटो, दुचाक्या आणि पाठीवर पोती घेतलेले हमाल एकाच अरुंद वाटेने जातात. येथे रस्ता खणला की वाहतूक वळवायला मोकळी जागाच नसते. चालणारा माणूस आपोआप खड्ड्याच्या काठावर ढकलला जातो. पेठेलगतच्या सेंट्रल अव्हेन्यूवर मेट्रोचे काम अनेक वर्षे चालले. सीताबर्डी ते प्रजापतीनगर हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. पुढे अग्रसेन चौक, अशोक चौक या भागातून जाणाऱ्या इंदोरा–दिघोरी उड्डाणपुलाचे काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने हाती घेतले. पूर्वेकडे कळमना येथे पारडी उड्डाणपुलाचा बांधकामातला एक भाग १९ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री कोसळला. जीवितहानी झाली नाही, पण चालू बांधकामाखालून वाहतूक सोडणे म्हणजे काय, हे त्या रात्री शहराला कळले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी याच पेठेतून निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत खड्डे हा बडग्यांचा, म्हणजे टीका करणाऱ्या पुतळ्यांचा, ठरलेला विषय असतो, याचेही नवल वाटू नये.

कर्तव्य कोणाचे, याबद्दल कायद्यात संदिग्धता नाही. रस्त्याच्या कामाभोवती कठडे उभारणे आणि रात्री पुरेसा उजेड ठेवणे हे महानगरपालिका कायद्यानेच सांगितले आहे. भारतीय रस्ते महासभेच्या ‘एसपी ५५’ या मार्गदर्शिकेत (सुधारित आवृत्ती २०१४) कामाच्या जागेचे पूर्वसूचना, संक्रमण, प्रत्यक्ष काम आणि समाप्ती असे भाग पाडून प्रत्येक भागातील फलक व अडथळे ठरवून दिले आहेत. खड्ड्याच्या तोंडाशी ठेवलेला एक दगड आणि त्यावर लाल फडके ही त्या मार्गदर्शिकेची पूर्तता नव्हे.

काम कंत्राटदाराला दिले म्हणून ते देणारी संस्था सुटत नाही. १८९९ च्या पेनी विरुद्ध विम्बल्डन या इंग्लंडमधील खटल्यात कंत्राटदाराने अंधारात तशाच सोडलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावरून पादचारी पडली, आणि न्यायालयाने स्थानिक संस्थेलाही जबाबदार धरले. सार्वजनिक रस्त्यावरचे धोक्याचे काम दुसऱ्याकडे सोपवता येते, दक्षतेचे कर्तव्य सोपवता येत नाही, असे हे तत्त्व आहे. कंत्राटात ‘अपघाताची भरपाई कंत्राटदार सोसेल’ असे कलम बहुधा असते. ते त्या दोघांमधील हिशेबापुरते असते. जखमी माणसाला ते दाखवून परत पाठवता येत नाही.

फौजदारी बाजूला, हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ही मर्यादा पाच वर्षे झाली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम १९८-अ थेट रस्ता बांधणाऱ्यांसाठी आहे. रचना, बांधकाम वा देखभालीचे मानक न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर प्राधिकरण, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. धोक्याची पूर्वकल्पना होती काय आणि इशाऱ्याचे फलक लावले होते काय, हे न्यायालयाने पाहायचे असते. मात्र दंडाची रक्कम मोटार वाहन अपघात निधीत जाते, मृताच्या घरी नव्हे. कोट्यवधींच्या कामापुढे एक लाख ही रक्कम तोकडी आहे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

भरपाईची वाट अपघाताच्या स्वरूपावर ठरते. कंत्राटदाराच्या टिप्परने किंवा टँकरने धडक दिली तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो व वाहनाचा विमा उपयोगी पडतो. दुचाकीस्वार एकटाच चरात पडला तर ती वाट अवघड होते. दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयातील याचिका उरते. प्राणघातक अपघाताच्या १८५५ च्या कायद्याखालील दाव्याला मुदत दोन वर्षांची आहे. दुःखात बुडालेल्या घराला ती कशी सरली हे कळतही नाही.

या कोंडीत मुंबई उच्च न्यायालयाचा १३ ऑक्टोबर २०२५ चा निर्णय मोलाचा ठरतो. न्या. रेवती मोहिते डेरे व न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख, आणि दुखापतीसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यायची. संस्थेने ती आधी भरायची आणि मग दोषी कंत्राटदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करायची, असा हा क्रम आहे. पीडिताला कंत्राटदाराच्या मागे फिरावे लागू नये, हे त्यातले खरे शहाणपण.

तरीही प्रकरण टिकते ते पुराव्यावर. रात्री नसलेला फलक सकाळी उभा असतो, चर मुरमाने बुजवलेला असतो. म्हणून अपघात पाहणाऱ्याने जखमीला मेयो रुग्णालयात पोहोचवण्याची सोय होताच जागेची छायाचित्रे वेळेसह काढावीत, आणि ‘फलक नव्हता, दिवा नव्हता, कठडा नव्हता’ ही तीन वाक्ये पोलिसांच्या घटनास्थळ पंचनाम्यात लिहून घ्यावीत.