उत्क्रांती पाहिली कुणी?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) वैदिक संमेलन भरले होते. त्यासाठी आलेले तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी सांगितले, की डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कुणी लिहिलेले नाही, सांगितलेलेही नाही. तेव्हा शाळा-महाविद्यालयांतला अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी लगेच संयुक्त निवेदन काढले. उत्क्रांतीच्या मूलभूत तथ्यांबद्दल वैज्ञानिकांत वाद नाही, ती अभ्यासक्रमातून काढणे किंवा तिच्यात पुराणकथा मिसळणे हे मागे नेणारे पाऊल ठरेल, असे त्यात म्हटले होते. वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही सहकाऱ्याला अशी विधाने टाळायला सांगितले, आणि वर्तमानपत्रांपुरते प्रकरण मिटले.

वाद जुनाच आहे. घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणारच, तसा सृष्टीलाही रचनाकार असणार, हा युक्तिवाद विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ मध्ये मांडला होता. अमेरिकेत तो 'इंटेलिजंट डिझाइन' या नव्या नावाने शाळेत शिरू पाहत होता. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळा मंडळाने २००४ मध्ये ठरवले, की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात या मताची शिफारस करणारे निवेदन वाचून दाखवायचे. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला (ही गोष्ट आपण शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे). अकरा पालक न्यायालयात गेले. खटल्यात त्या मताच्या पाठ्यपुस्तकाचे जुने मसुदे पुढे आले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मितिवाद शिकवायला मनाई केल्यावर मसुद्यातला 'निर्मितिवादी' हा शब्द खोडून 'रचनेचे पुरस्कर्ते' असा शब्द घातलेला होता. एका ठिकाणी तर घाईत जुन्या शब्दाचे तुकडे नव्या शब्दाला चिकटून राहिले होते. मधले दुवे दाखवा म्हणणाऱ्यांच्याच पुस्तकात असा मधला दुवा सापडला! डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला, की हे विज्ञान नव्हे.

'कुणी पाहिले?' हा प्रश्न मात्र अशा निकालाने सुटत नाही. दहावीच्या वर्गात तो मागच्या बाकावरूनही येतो, आणि विचारणारा मुलगा प्रामाणिक असतो. सत्यपाल सिंह मुंबईचे पोलीस आयुक्त होते. कुणीही न पाहिलेल्या गुन्ह्याचा छडा ठसे, डाग आणि मागे राहिलेल्या वस्तूंवरून लागतो, हे त्यांना आपण सांगावे असे नाही. पण उत्क्रांतीचा एक भाग डोळ्यांदेखत घडतानाही दिसतो. तो त्याच हंगामात, संमेलनाच्या जागेपासून सुमारे साठ किलोमीटरवरच्या जालना जिल्ह्यात कपाशीच्या शेतात दिसत होता.

बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस भारतात आणला तो जालन्यातच वाढलेल्या महिको या बियाणे कंपनीने, मोन्सॅन्टोबरोबर. त्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन विषारी प्रथिनांचे वाण आले. सुरुवातीची वर्षे फवारण्या घटल्या. पुढे शेंदरी बोंडअळी परतली आणि २०१७ च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात तिने हाहाकार केला. डोमकळ्या दिसू लागल्या, बोंडे वरून हिरवीगार आणि आतून किडकी.

घडले काय? अळ्यांच्या प्रचंड संख्येत बीटीचे विष पचवू शकणाऱ्या मोजक्याच होत्या. विषाने त्या निर्माण केल्या नाहीत, फक्त बाकीच्या मारल्या. उरलेल्यांचे पतंग आपसांत जुळले आणि पिढ्यान्‌पिढ्या तो गुण वाढत गेला. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा असे काहीही खाते. त्या पिकांवर विष नसते, म्हणून तिथे साध्या अळ्या जगतात आणि त्यांचे पतंग संकरातून प्रतिकाराचा गुण पातळ करत राहतात. शेंदरी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. तिच्यासाठी असा आसरा मुद्दाम ठेवावा लागतो. म्हणूनच बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याचे छोटे पाकीट मिळे, ते शेताच्या कडेने लावायचे होते. अनेक शेतकऱ्यांनी ते लावलेच नाही. अळ्यांसाठी मुद्दाम ओळी कशाला, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर उत्क्रांतीच्या धड्यात होते आणि ते त्यांच्यापर्यंत कुणी नेले नाही. शिवाय पाणी असेल तिथे फरदड घेतल्याने अळीला हंगामानंतरही खाणे मिळत राहिले.

यावर कुणी म्हणेल, अळी शेवटी अळीच राहिली. खरे आहे. बोंडअळीवरून निवड कशी चालते एवढेच कळते. मोठ्या बदलांचा पुरावा जीवाश्मांत आणि जनुकांत शोधावा लागतो. आजच्या माकडाचा माणूस झाला असे तर डार्विननेही म्हटले नव्हते, दोघांचे पूर्वज एक होते एवढेच त्याचे म्हणणे. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, माणसात २३. आपले दुसरे गुणसूत्र पाहिले तर गुणसूत्राच्या टोकाशी असायच्या खुणा त्याच्या मधोमध सापडतात, कारण दोन गुणसूत्रे जुळून ते एक झाले आहे.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचे नाव नुसते 'आनुवंशिकता' झाले. त्याच्या जागी रचनावाद आणला गेला नाही. कोविडनंतर अभ्यासाचा भार कमी करायचा, हे कारण सांगितले गेले. तरी अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांना तो विषय पुढे भेटतो, बाकीच्यांना नाही, आणि शेती करणारी बहुतेक मुले या बाकीच्यांत येतात. महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात, विज्ञान भाग दोनमध्ये, 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा होता.

तो जूनमध्ये शिकवून होतो. नोव्हेंबरमध्ये त्याकडे पुन्हा वळता येईल. जवळच्या शेतकऱ्याला विचारून वीस हिरवी बोंडे आणावीत, मुलांनी ती फोडून किती बोंडांत अळी आहे ते मोजावे, आणि वाण बीटी होते की नाही, कडेला बिगर-बीटीच्या ओळी होत्या का, हे त्याच्याकडूनच लिहून घ्यावे.