शाकु आणि फूट

जपानी शाकु ३०.३०३ सेंटिमीटरचा आणि इंग्रजी फूट ३०.४८ सेंटिमीटरचा, म्हणजे दोहोंत पावणेदोन मिलिमीटरचे अंतर. एकमेकांशी संबंध नसलेली दोन मापे इतकी जवळ यावीत हा योगायोग, पण रूपांतरातली खरी अडचणही त्यातूनच उभी राहिली. खिडकीच्या चौकटीपुरता शाकुला फूट मानले तरी निभावते. शंभर फुटांच्या भिंतीत मात्र पावणेअठरा सेंटिमीटरची चूक साचते.

मुळात जपानात शाकु एकच नव्हता. सुतार कानेजाकु वापरत आणि कापडवाले त्याच्या सव्वापट लांबीचा कुजिराजाकु. तो सुमारे १४.९ इंच भरतो. दहा सुनचा एक शाकु. त्याच्या वर केन, पण क्योतोत केन साडेसहा शाकुंचा, तर एदोत सहाचा. लांबच्या वाटांसाठी री होती; तीही प्रांताप्रमाणे बदलत असे. इंग्रजांनी हा घोळ बराच आधी आवरला होता. १५९३च्या कायद्याने मैल ५,२८० फुटांचा ठरला, आणि पुढे १६२०च्या सुमारास एडमंड गुंटरने जमीनमोजणीसाठी ६६ फुटांची साखळी रूढ केली.

जपानात १८०० ते १८१६ या काळात देशभर मोजणी करणाऱ्या इनो तादाताकाने प्रचलित शाकुंमधला सुवर्णमध्य धरून आपले माप ठरवले, असे मानले जाते. मेइजी सरकारने तेच स्वीकारले. १८८५ मध्ये जपान मीटर करारात सामील झाला आणि १८९१च्या कायद्याने शाकुची व्याख्या मीटरवरून केली: ३३ शाकु म्हणजे नेमके १० मीटर. कायदा १८९३ पासून लागू झाला. सहा शाकुंचा केन, ६० केनचा चो, ३६ चोंची री हे कोष्टकही त्यात पक्के झाले, आणि री ३.९२७ किलोमीटरची, म्हणजे २.४४ मैलांची ठरली. (३३चा आकडा महाराष्ट्रातही ओळखीचा आहे, कारण गुंठा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. पण तो गुंटरच्या साखळीच्या अर्ध्यावरून आलेला. शाकुशी त्याचे नाते नाही.)

शाकु मीटरला बांधला गेल्यावर फुटाशी हिशेब करायचा तोही मीटरच्याच वाटेने. फूट ०.३०४८ मीटर धरला तर तो १.००५८४ शाकु होतो, इंच ०.८३८२ सुन आणि वार ३.०१७५२ शाकु. उलट बाजूने शाकु ११.९३ इंचांचा, केन ५.९६५ फुटांचा. सुतारकामात केनला सहा फूट म्हणणे सोयीचे, पण सहा फुटी फळी एका केनच्या जागेत बसवायला गेले की ती सेंटिमीटरभर जास्त भरते.

दोन्ही पद्धती समोरासमोर आल्या त्या रेल्वेवर. १८७२ मध्ये शिम्बाशी ते योकोहामा हा जपानचा पहिला लोहमार्ग सुरू झाला. मुख्य अभियंता एडमंड मोरेल हा इंग्रज होता. रुळांमधले अंतर साडेतीन फूट, म्हणजे १.०६७ मीटर किंवा साधारण ३.५२ शाकु, जपानी मोजपट्टीवर हा आकडा कुठेच पूर्णांकात येत नाही. रेल्वेची अंतरे मैल व साखळ्यांत नोंदली जात, तर जुन्या रस्त्यांवर दर रीला मातीचा ढिगारा असे. १९३० पर्यंत रेल्वेने मैल सोडला नाही. मधल्या काळात, १९०९ मध्ये, कायद्याने यार्ड-पौंड पद्धतीलाही मान्यता दिली. कागदोपत्री तीन पद्धती एकाच वेळी चालू होत्या, आणि यंत्रांचे कारखाने, शिंपी आणि शेतजमीन मोजणारे आपापल्या सोयीची निवडत असावेत असे म्हणायला जागा आहे.

१९२१च्या कायद्याने सगळे मीटरवर आणायचे ठरले, पण विरोधामुळे मुदती लांबत गेल्या. अखेर १ जानेवारी १९५९ पासून व्यवहारात शाकु बेकायदा झाला. जमीन आणि घरांना १९६६ पर्यंत सवलत मिळाली. त्याच १९५९च्या जुलैत अमेरिका, ब्रिटन आणि इतर चार देशांनी वार ०.९१४४ मीटर असल्याचे मान्य केले. तोवर अमेरिकी आणि ब्रिटिश इंचांत सूक्ष्म फरक होता. फूट आणि शाकु यांचे अचूक गुणोत्तर असे नेमके शाकु कायद्यातून जाता जाता हाती आले.

सुतारांना ते मानवले नाही. त्यांच्या लोखंडी गुण्याच्या मागच्या बाजूला दोनच्या वर्गमुळाने वाढवलेली मोजपट्टी असते. गोल ओंडक्यातून केवढा चौकोनी वासा निघेल हे ती थेट सांगते, आणि ती शाकुतच कोरलेली. १९७०च्या दशकात लेखक व प्रसारक एई रोकुसुके याने या मापांच्या बाजूने जाहीर मोहीम चालवली, तेव्हा कायदा काहीसा सैल झाला आणि मीटरच्या अपूर्णांकाचे नाव लावून शाकुच्या पट्ट्या विकता येऊ लागल्या.

आजही जपानी दुकानात प्लायवूडचा ‘तीन-सहा’ तक्ता साधारण ९१० बाय १,८२० मिलिमीटरचा असतो, म्हणजे शाकुंत मोजलेला. शेजारचा ‘चार-आठ’ १,२२० बाय २,४४०चा असतो, तो फुटांतला.